सोळा नावांचा सातबारा

बँकेतल्या साहेबांनी माझ्या कागदांमधला सातबारा काढला, माझ्याकडं फिरवला आणि पेनाचं टोक नावांच्या यादीखाली टेकवलं. तिथं दोन शब्द होते : सामाईक क्षेत्र. "ताई, यात तुमचं नाव आहे. पण तुमचं घर यातलं नेमकं कुठलं, हे हा कागद सांगत नाही. आम्ही तारण काय घ्यायचं?"

मी शाळांचे गणवेश शिवून देते. घराच्या पुढच्या खोलीत सहा मशिनी आहेत, जूनच्या आधीचे तीन महिने तिथं पाय ठेवायला जागा नसते. वर एक मजला चढवायचा, मशिनी वर न्यायच्या आणि आईला खाली एक शांत खोली द्यायची, एवढ्यासाठी कर्ज हवं होतं. घरपट्टी आमच्या नावाची, नळपट्टी आमच्या नावाची, लाईटचं मीटर वेगळं. आपलं घर आपल्याच नावावर आहे याबद्दल मला कधी शंकाच आली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा असते, मालकीचा नाही. जमीन अजून सगळ्यांची मिळून एकच होती.

ही गोष्ट २०२१ च्या ऑगस्टमधली. वेगळा सातबारा हातात पडला २०२४ च्या फेब्रुवारीत. मधल्या अडीच वर्षांचं हे सांगणं आहे. सोलापूरच्या हद्दवाढ भागात आमच्यासारखी घरं गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या एकाला जरी याचा उपयोग झाला तरी मला बरं वाटेल.

माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे, होते. आई कांड्या भरायची. आम्ही पूर्व भागात एका खोलीत भाड्यानं राहायचो, आणि त्या खोलीला लागूनच माग होते. रात्रपाळीला माग सुरू झाले की ताटातली वाटी हलायची. १९८९ साली वडिलांनी आणि त्यांच्या पंधरा सोबत्यांनी मिळून शेळगीच्या बाजूला ४० आर जमीन घेतली, म्हणजे एक एकराला थोडी कमी. प्रत्येकी साडेचार हजार रुपये. दिवाळीचा बोनस, भिशी, आणि आईचे कानातले. सोळाही जणांच्या गावाकडं थोडीफार शेती होती, आमची मंगळवेढ्याकडं ज्वारीची दीड एकर. म्हणून शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा जोडता आला.

सोळा जणांनी एकच खत का केलं? प्रत्येकानं आपापले दोन गुंठे वेगळे का घेतले नाहीत? हा प्रश्न मला वकिलांनी विचारला, आणि त्याचं उत्तरही त्यांनीच दिलं. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा. ठरवून दिलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून शेतजमीन विकता येत नाही. आता, ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतर, ते क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. दोन गुंठ्यांचं खत त्या काळीही झालं नसतं. मग लोक काय करायचे, तर सगळे मिळून मोठा तुकडा घ्यायचे, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक लावायची, आणि जागेवर जाऊन आपसांत दोरी धरून वाटून घ्यायचं. कागदावर एक शेत, जागेवर सोळा घरं.

वडिलांनी ती दोरी कशी धरली होती ते मला आठवतं, मी चौथीत होते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. जुन्या मोजणीची साखळीही ३३ फुटांचीच असायची आणि तिचे १६ आणे पाडलेले असायचे. वडील म्हणायचे, बघ, साखळीला सोळा आणे आणि आम्हीही सोळा जण, एकही कमी नाही. मधोमध वीस फुटांचा रस्ता, दोन्ही बाजूंना आठ-आठ प्लॉट, प्रत्येकी ३३ बाय ६६. शेवटी सगळ्या रुंदीभर एकोणीस फूट चार इंचाची पट्टी उरली, तिच्यात विहीर होती. ती सगळ्यांची. १९९२ ला हद्दवाढ झाली आणि आमचं शेत शहरात आलं. पुढच्या वर्षी आमचं घर उभं राहिलं.

वकिलांकडं गेले तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की माझं तेवढं वेगळं करून द्या. ते म्हणाले, एकट्याचं वेगळं करायचे मुख्य मार्ग दोन. एक, सगळ्या सहहिस्सेदारांनी संमतीनं वाटणीपत्र करायचं आणि ते नोंदवायचं. दुसरा, दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावायचा. दाव्यात उरलेल्या सगळ्यांना प्रतिवादी करावं लागतं.

म्हणजे वडिलांच्या मयताला ज्यांनी खांदा दिला त्यांच्या घरी मी समन्स पाठवायचं. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "दावा नको. दारोदार जा. तुझ्या बापानंबी तसंच जमवलं होतं."

म्हणून मी पहिल्यांदा वही घातली. जो कोणी या वाटेला जाईल त्याला मी हेच सांगेन : अर्ज नंतर, वकीलही नंतर, आधी वही. एका पानावर एक मूळ खरेदीदार. हयात आहे की नाही, नसेल तर कधी वारला, बायको, मुलगे, मुली, मुली कुठं दिल्या, मयत मुलाची बायको-मुलं. मुलींची नावं सोडायची नाहीत. आमच्या गल्लीत दोन घरांनी वारसनोंद करताना बहिणींची नावं घातलीच नव्हती, "त्यांची लग्नं झाली की" म्हणून. लग्न झालं म्हणून वारस हक्क संपत नाही. आणि अशी एक बहीण उद्या उभी राहिली तर सोळाही घरांचं वाटणीपत्र अडचणीत येतं.

सोळापैकी सात जण हयात होते, नऊ गेले होते. नवांपैकी तिघांची वारसनोंदच झालेली नव्हती. वही पूर्ण झाली तेव्हा सह्या करायच्या माणसांची संख्या त्रेचाळीस भरली. आमच्या पानावर तिघं : आई, पुण्यातला भाऊ आणि मी.

वारसनोंदींनाच सात महिने गेले. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, तलाठ्यांकडं अर्ज, मग फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची, नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. एका घरात सातबाऱ्यावर आडनावाचं एक अक्षर चुकलेलं होतं, हाताचा सातबारा संगणकावर चढताना राहिलेली चूक. आधार कार्डावर वेगळं, सातबाऱ्यावर वेगळं. त्यासाठी तहसीलदारांकडं कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. ही दुरुस्ती आधी करून घ्यावी. सब-रजिस्ट्रारपुढं उभं राहिल्यावर लक्षात आली तर सगळ्यांचा दिवस वाया जातो.

एका प्लॉटचं तर वेगळंच होतं. मूळ खरेदीदार काकांनी २००४ साली तो नोटरी करून दुसऱ्याला दिला होता. राहणारं कुटुंब एक, सातबाऱ्यावरचं दुसरं. नोटरीनं जमिनीची मालकी बदलत नाही. तिथं आम्ही असं ठरवलं की वाटणीत प्लॉट काकांच्या मुलांच्या नावावर येऊ द्यायचा आणि मग त्यांनी रीतसर खरेदीखत करून द्यायचं. त्या मुलांनी जादा एक रुपया मागितला नाही. बापानं पैसे घेतलेत, आमचं काही नाही, म्हणाले.

सगळ्यात अवघड घर आमच्याच रांगेतलं शेवटचं, विहिरीला लागून असलेलं. तिथं अक्का राहतात. त्यांचे मालक वडिलांबरोबर एकाच कारखान्यात होते. अक्का तेलुगू बोलणाऱ्या, मराठी त्यांची त्यांनी घडवलेली. मी गेले तेव्हा त्या उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांच्या एका वळणात विडी, दोऱ्याची गाठ. बोलताना हात थांबत नव्हते.

"सही मागालेत सगळे," त्या म्हणाल्या. "ह्यांनी पण सही दिली होती एकदा. जामीन म्हणून. दुसऱ्याचं कर्ज, आमचं सोनं गेलं. मी सही नाही देत."

मी दर आठवड्याला जात राहिले. कागद घेऊन जाणं मी दुसऱ्या खेपेलाच सोडलं. नुसती बसायचे, पानं भिजवायला पाणी आणून द्यायचे. तेव्हा आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, त्या दिवशी त्यांचे ड्रम भरायला माझी मुलगी जायची. पाचव्या की सहाव्या खेपेला अक्काच म्हणाल्या, "एक काम करा. सगळ्यांच्या आधी माझं माप घ्या. मी वीस वर्षं सांगालेय, माझी जागा बारीक हाय. कोण ऐकत नाही."

मोजणी करायचीच होती, तिच्याशिवाय पुढचा कुठलाच कागद हलत नाही. भूमी अभिलेखकडं अर्ज केला. चारी बाजूंच्या लगतधारकांना नोटिसा गेल्या. २०२२ च्या डिसेंबरात भूकरमापक आले, काठीवर बसवलेलं, उपग्रहाच्या मदतीनं मोजणारं रोव्हर यंत्र घेऊन. पूर्वी साखळी ओढत दोन दिवस जायचे, यांनी दुपारपर्यंत बाहेरची हद्द कायम केली. बांधातले दोन जुने दगड अगदी जागेवर निघाले, तिसरा एका घराच्या संडासाच्या पायाखाली गेला होता. बाहेरची हद्द बरोबर होती. ४० आर भरली.

मग आमच्या इंजिनिअरनी आतले प्लॉट मोजायला घेतले. समोरची रांग : ३३, ३३, ३३, इंचाचा फरक. आमची रांग : पहिलं घर ३३ फूट ९ इंच. दुसरं ३३ फूट ९ इंच. तिसरं आमचं. टेपचं टोक मीच धरलं होतं, आमच्या भिंतीला लावलेलं. ३३ फूट ९ इंच. सातही घरं तशीच. आठवं अक्कांचं, २७ फूट ९ इंच.

कुणाला काही बोलायचं सुचेना. इंजिनिअरनी पुन्हा एकदा मोजलं, आकडा तोच. मग ते खाली बसून भिंतीचा पाया बघू लागले आणि कारण सापडलं. आमच्या रांगेत घरं एकामागून एक झाली. प्रत्येकानं वडिलांनी आखलेली दोरी आपल्या कुंपणाच्या भिंतीची आतली बाजू धरली. नऊ इंची भिंत दोरीच्या पलीकडं, शेजाऱ्याच्या जागेत. शेजाऱ्यानं तिथून पुढं ३३ फूट धरले आणि आपली भिंत पुन्हा पलीकडं. वीत-वीत सरकत सात घरांनी सव्वापाच फूट खाल्ले, आणि ते सगळे शेवटच्या घरातून गेले. ६६ फूट खोलीला धरले तर जवळजवळ साडेतीनशे चौरस फूट. अक्कांच्या आठव्या घराची पाळी आली तोपर्यंत जागा संपलेली होती.

कुणी ठरवून केलेलं नव्हतं, हे खरं. पण माझ्या भिंतीत अक्कांची नऊ इंच जागा होती, हेही तितकंच खरं होतं, आणि मी त्यांच्या उंबऱ्यावर बसून त्यांची सही मागत होते. मी टेप गुंडाळला आणि त्यांच्याकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "बघ. सांगत होते की."

त्या रात्री विहिरीजवळच्या लिंबाखाली सगळे जमले. कुणी म्हणालं, जे जसं आहे तसं लिहा, भिंती कोण पाडणार? कुणी म्हणालं, सात घरांनी मिळून अक्कांना पैसे द्या. अक्कांच्या मुलाला ते पटत होतं, अक्कांना नाही. "पैसे संपतात, जागा नाय संपत." मी उठून सांगितलं की जशी आहे तशी वाटणी लिहिली तर त्या कागदावर माझी सही असणार नाही, मग माझं कर्ज झालं नाही तरी चालेल. हे सांगताना माझा आवाज कापत होता, कारण वरच्या मजल्याचं सगळं त्या सहीवर होतं.

तोड काढली आईनं. ती अशा बैठकांत बोलत नाही. म्हणाली, "तिच्या घराला लागून विहिरीची पट्टी हाय. सव्वापाच फूट तिकडून द्या तिला. विहीर मधी हाय, तिला काय धक्का लागत नाही."

समोरच्या रांगेतले मास्तर काका म्हणाले, पट्टी सोळा जणांची आहे, आमच्या रांगेनं कुणाचं काही घेतलेलं नाही, आम्ही का सोडायचं? त्यांचं म्हणणं रास्त होतं. शेवटी ठरलं की मोजणीचा आणि इंजिनिअरच्या नकाशाचा समोरच्या आठ घरांचा खर्च आमच्या सात घरांनी द्यायचा. अक्कांचा खर्चही आमच्याकडंच. विहिरीला लोखंडी जाळीही आम्हीच बसवायची. मास्तर काकांनी वहीत ते लिहून घेतलं, सगळ्यांनी खाली सही केली. पहिली सही अक्कांनी केली, सावकाश, तेलुगूत.

यानंतरचं कागदांचं काम लांब होतं, पण अवघड नव्हतं. शेतजमिनीवर विनापरवाना उभी राहिलेली घरं नियमित करण्यासाठी राज्यात २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. तो आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या घरांपुरता होता, २०२१ च्या दुरुस्तीनं ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. आमची घरं १९९३-९६ ची, म्हणजे पहिल्या कायद्यातच बसत होती. वीस वर्षं कुणी अर्ज केला नाही, कारण घरपट्टी भरतोय की, असंच सगळ्यांना वाटत होतं. आता महापालिकेकडं सोळा घरांचा एकत्र अर्ज केला : मोजणीच्या नकाशाची क प्रत, इंजिनिअरचा आराखडा, प्रत्येक घराचं बांधकाम, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विकास शुल्क आणि प्रशमन शुल्काची, म्हणजे विनापरवाना बांधकाम नियमित करून घेण्याच्या शुल्काची, चलनं. मंजूर आराखड्यात अक्कांचा प्लॉट ३३ फूट झाला आणि विहिरीची पट्टी त्यांच्या बाजूला तेवढी अरुंद. हा टप्पा आधी करायला वकिलांनी सांगितलं, कारण १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकानंतर मंजूर आराखडा नसेल तर एक-दोन गुंठ्यांचे दस्त नोंदवायला अडचण येत होती.

वाटणीपत्राच्या खर्चाबद्दल एक गोष्ट मला आधी माहीत असती तर पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगितली असती. वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क वेगळ्या होणाऱ्या हिश्श्यांच्या बाजारमूल्यावर लागतं, साधारण दोन टक्के. सगळ्यांत मोठा हिस्सा त्यातून वगळतात, बाकीचे त्याच्यापासून वेगळे झाले असं धरतात. आमच्यातले सात हिस्से सारखेच मोठे होते, तेव्हा त्यांतला एक वगळला आणि रक्कम सोळांत वाटून घेतली. नोंदणी फी एक टक्का, पण एका दस्ताला जास्तीत जास्त ३०,००० रुपये. प्रत्येकानं आपापलं वेगवेगळं करायला घेतलं असतं तर ती फी प्रत्येक दस्ताला वेगळी लागली असती. सगळे एकत्र असण्याचा हा रोकडा फायदा.

त्रेचाळीस माणसं एकाच दिवशी सब-रजिस्ट्रारकडं न्यायची या धास्तीनं मला आठवडाभर झोप नव्हती. तशी सक्ती नसते. सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त दाखल करायचा असतो, आणि लिहून देणारे वेगवेगळ्या दिवशी येऊन कबुली देऊ शकतात. आम्ही तीन दिवस धरले. भिवंडीला गेलेलं कुटुंब रविवारी रात्रीच्या गाडीनं आलं, सोमवारी सह्या करून परत. वरंगळला दिलेल्या मुलीनं तिथल्या सब-रजिस्ट्रारपुढं कुलमुखत्यारपत्र करून भावाला दिलं. नुसत्या नोटरीचं चाललं नसतं. पेंटर काका अंथरुणाला खिळलेले, त्यांच्यासाठी गृहभेटीचा अर्ज केला. साहेब स्वतः घरी आले, काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं, समजलं का विचारलं. काका म्हणाले, "समजलं. माझं घर माझं झालं."

आमच्या दिवशी आईचा अंगठा मशिनीवर उमटेना. तीन वेळा ठेवला, तीन वेळा लाल दिवा. तिनं चाळीस वर्षं सूत बोटांमधून सोडलंय, ताण बघायला अंगठ्याखालूनच धागा जातो. रेषा घासून गेल्या आहेत. तिथल्या मुलीनं आईचा हात हातात घेतला, ओल्या रुमालानं पुसला, थोडं व्हॅसलीन लावलं, पुन्हा पुसलं आणि अंगठा हलके दाबून धरला. चौथ्या वेळी उमटला. आई तिला म्हणाली, "बाळ, तुझी आई काय करते?" मुलगी म्हणाली, "विडीला जाते, मावशी. तिचाबी नाय येत." अक्कांचा त्याच दिवशी, त्याच मशिनीवर, पाचव्या वेळी आला.

वाटणीपत्र नोंदलं म्हणजे सातबारा आपोआप वेगळा होत नाही. दस्त आणि मंजूर आराखडा घेऊन पुन्हा भूमी अभिलेखकडं जावं लागतं. तिथं कमी-जास्त पत्रक तयार होतं, सगळे त्याला कजाप म्हणतात. मूळ क्षेत्रातून किती कमी करायचं आणि कुठल्या नव्या हिश्श्याला किती द्यायचं ते त्यात येतं. ते तलाठ्यांकडं आलं की फेरफार, नोटीस, पंधरा दिवस, मंजुरी. आमचं कजाप एका क्षेत्राच्या बेरजेत अडकलं, कारण अक्कांच्या बाजूची पट्टी जुन्या आकड्यानं धरली गेली होती. मी क प्रत आणि मंजूर आराखडा दोन्ही घेऊन गेले, फरक दाखवला, दुरुस्त झालं. पण त्यात आणखी दोन महिने गेले. जे कागद देता त्यांतले क्षेत्राचे आकडे आधी स्वतः बेरीज करून बघावेत. मी ते त्यानंतर प्रत्येक वेळी केलं.

आता बरेच जण विचारतात की नवा कायदा आलाय, मग आम्हाला हे सगळं करायला लागेल का? ३ नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशानं १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकडेबंदीविरुद्ध झालेले व्यवहार मूल्य न आकारता नियमित करण्याची वाट काढली आहे. ज्यांची नावं सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात अडकली होती त्यांना याचा मोठा आधार आहे. पण कागदावर नाव लागणं आणि जागेवर हद्द ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांचं क्षेत्र सामाईक आहे त्यांना टेप धरावाच लागेल, आणि शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर बसावंच लागेल.

२०२४ च्या फेब्रुवारीत, गड्ड्याची जत्रा उठून थोडेच दिवस झाले होते, तलाठ्यांचा निरोप आला. मी सोळा घरांचे सोळा सातबारे काढून आणले आणि वडिलांची जुनी पिशवी घेऊन घरोघर वाटले. आमच्यावर तीन नावं, आई, भाऊ, मी. क्षेत्र दोन गुंठ्यांपेक्षा ४९ चौरस फुटांनी जास्त, ती नऊ इंच अजून आमच्याच भिंतीत आहेत, फक्त आता त्यांचा हिशोब झालेला आहे. अक्कांच्या सातबाऱ्यावर त्यांच्या मुलाचं, दोन्ही मुलींचं आणि सगळ्यांत वर त्यांचं नाव आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही. त्यांनी मला ते नाव कुठं आहे ते दाखवायला सांगितलं आणि त्यावर बोट ठेवून थोडा वेळ तशाच बसल्या.

एक सतरावा सातबारा निघाला, रस्त्याचा आणि विहिरीचा. तो सामाईकच आहे, त्रेचाळीस नावांचा. त्याची एक प्रत मी आमच्या सातबाऱ्याला टाचून ठेवली आहे.

बँकेतून मूल्यांकन करणारे आले तेव्हा त्यांनी हद्दी विचारल्या. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला बांध, उत्तरेला दुसरं घर, दक्षिणेला चौथं. मी भिंतीशी उभी राहून एकेक दाखवत गेले. पलीकडं शेवटच्या घराशी अक्कांचा मुलगा सव्वापाच फुटांच्या नव्या तुकड्यात चुना टाकून रेघ मारत होता, आणि अक्का त्याला दोरीच्या कुठल्या बाजूनं भिंत घ्यायची ते सांगत होत्या.